शरीरावर ताबा, मनाला विसावा : पिलाटेस व्यायामपद्धती

चित्रपटतारकांच्या मुलाखतींमुळे ‘पिलाटेस’ हा शब्द आता मराठी वाचकांना अपरिचित राहिलेला नाही. त्याच्याबरोबर एक ठरावीक चित्रही डोळ्यांसमोर उभे राहते. आरशांची वातानुकूलित खोली, तीत पलंगासारखे दिसणारे, स्प्रिंगा आणि पट्टे जोडलेले एक यंत्र, आणि त्यावर अंग ताणणारी एखादी सडपातळ अभिनेत्री. त्यामुळे हे श्रीमंतांचे नवे खूळ असावे, अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः ही पद्धती नवी नाही. तिची मुळे पहिल्या महायुद्धातील एका स्थानबद्धांच्या छावणीत आहेत. आणि तिचा गाभा असलेल्या ३४ व्यायामांना एका जाडसर सतरंजीखेरीज काहीही लागत नाही.

हा व्यायाम नियमित केल्याने काय साधते, याविषयी जाहिराती भरभरून बोलतात. काय साधत नाही, याविषयी मात्र त्या गप्प असतात. पाठ धरलेली गृहिणी, दिवसाचे आठ-दहा तास संगणकासमोर बसणारा नोकरदार, एकदा पाय घसरून पडल्यावर जिना उतरताना कठड्याला घट्ट धरणारे आजोबा, या सर्वांना या पद्धतीपासून काही ना काही मिळण्यासारखे आहे. मात्र ते मिळते ते घाम गाळण्यातून नव्हे, तर प्रत्येक हालचाल लक्षपूर्वक आणि ताब्यात ठेवून करण्यातून. हा एक मुद्दा ध्यानात ठेवला, तर पिलाटेसचे लाभ आणि त्याच्या मर्यादा या दोन्हींचा उलगडा होतो.

छावणीत घडलेली पद्धती

जोसेफ ह्यूबर्टस पिलाटेस यांचा जन्म ९ डिसेंबर १८८३ रोजी जर्मनीतील मॉन्शेनग्लाडबाख या गावी झाला. बालपणी दमा आणि मुडदूस यांनी त्यांना गांजले होते, असे त्यांच्याविषयी सर्वत्र सांगितले जाते. अशक्त मुलाने जिद्दीने शरीर कमवावे, हे त्या काळाला धरूनच होते. युरोपात तेव्हा शरीरसंवर्धनाची मोठी लाट उसळली होती आणि युजेन सँडो हा तिचा नायक होता. ही लाट आपल्याकडेही पोचली. विसाव्या शतकाच्या आरंभी सँडो हिंदुस्थानचा दौरा करून गेला. सूर्यनमस्कारांचे थोर प्रचारक औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी हेही आधी काही वर्षे सँडोच्या पद्धतीनेच व्यायाम करीत असत. त्या अर्थी पिलाटेस आणि आपला आधुनिक सूर्यनमस्कार यांचे दूरचे का होईना, नाते लागते.

महायुद्धापूर्वी पिलाटेस इंग्लंडला गेले. १९१४ मध्ये युद्ध पेटताच तेथील जर्मन पुरुष ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले आणि पिलाटेस स्थानबद्ध झाले. १९१५ मध्ये त्यांची रवानगी आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटावरील नॉकलो छावणीत झाली. या एकाच छावणीत वीस हजारांहून अधिक माणसे कोंडलेली होती. अपराध नाही, शिक्षेची मुदत नाही, करायला काम नाही, अशा अवस्थेत वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसांत चिडचिड, विस्मरण, निद्रानाश, खिन्नता अशी लक्षणे दिसू लागत. ए. एल. फिशर या स्विस डॉक्टरांनी १९१८ मध्ये या अवस्थेला ‘काटेरी तारेचा आजार’ असे नाव दिले. अशा वातावरणात पिलाटेस स्वतः व्यायाम करीत राहिले आणि सोबत्यांनाही शिकवीत राहिले. मन आणि शरीर यांचा विचार एकत्र करण्याचा त्यांचा आग्रह पुढे जन्मभर टिकला. त्याचे मूळ शोधायचे, तर या तारेच्या कुंपणाआड शोधावे लागेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

छावणीसंबंधीच्या दोन कथा बहुतेक पुस्तकांत आढळतात. अंथरुणाला खिळलेल्यांना पडल्या पडल्या व्यायाम करता यावा म्हणून पिलाटेस यांनी खाटांना स्प्रिंगा जोडल्या आणि त्यातूनच पुढे यंत्रे जन्मली, ही पहिली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांच्या शिष्यांपैकी एकही दगावला नाही, ही दुसरी. पहिली संभवनीय वाटते. दुसरीला मात्र भक्कम आधार नाही आणि ती दंतकथा समजूनच वाचावी हे बरे.

युद्धानंतर काही वर्षे जर्मनीत काढून १९२६ मध्ये पिलाटेस न्यूयॉर्कला गेले आणि सहचारिणी क्लारा यांच्यासह एट्थ अ‍ॅव्हेन्यूवर त्यांनी व्यायामशाळा थाटली. शहरातील नर्तक-नर्तकी हे या शाळेचे महत्त्वाचे विद्यार्थी ठरले. जॉर्ज बॅलन्शिन आणि मार्था ग्रॅहम यांच्यासारख्या नृत्यदिग्दर्शकांचे कलावंत तेथे येऊ लागले. याचे कारण व्यावहारिक होते. घोटा वा गुडघा दुखावलेल्या नर्तकाला महिनाभर निव्वळ विश्रांती परवडत नाही. येथे त्याला आडवे पडून, दुखऱ्या पायावर शरीराचा भार न टाकता, उरलेले अंग राबते ठेवता येई. पिलाटेस स्वतः या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, असे म्हणत. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी जमिनीवरचे ३४ व्यायाम छायाचित्रांसह दिले. छायाचित्रांतील व्यक्ती ते स्वतःच, आणि वय साठीच्या घरातले! ऑक्टोबर १९६७ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, ते निवर्तले. पद्धतीला त्यांचे आडनाव कायमचे चिकटले.

व्यायाम म्हणजे नेमके काय?

नमुन्यादाखल ३४ पैकी पहिलाच व्यायाम पाहू. त्याचे नाव ‘हंड्रेड’, म्हणजे शंभर. उताणे निजायचे, पाय जमिनीपासून उचलून स्थिर धरायचे, डोके आणि खांद्यांचा वरचा भाग उचलून नजर ओटीपोटाकडे ठेवायची. दोन्ही हात मांड्यांच्या बाजूला लांब करून, पाण्यावर हलक्या थापा माराव्यात तसे खालीवर हलवायचे. पाच थापांपर्यंत श्वास घ्यायचा, पाच थापांपर्यंत सोडायचा. अशी दहा आवर्तने झाली की शंभर पुरे होतात. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात नवशिक्याचे तिसऱ्या आवर्तनात पोट थरथरू लागते, मान आखडते आणि श्वासाचा ठेका चुकतो. हात हलत असताना धड तसूभरही हलू न देणे, ही या व्यायामाची खरी परीक्षा. हात हे केवळ निमित्त. काम धडाला लावलेले असते.

बहुतेक व्यायामांची जातकुळी अशीच आहे. शरीराचा एक भाग हलतो आणि दुसऱ्याने स्थिर राहायचे असते. एका पायाने हवेत वर्तुळ काढायचे आणि कंबर डळमळू द्यायची नाही. पालथे निजून पोहल्यासारखे हातपाय चालवायचे आणि कमरेत खोलगट बाक येऊ द्यायचा नाही. आवर्तने फार नसतात. पाच ते दहा पुरतात. आपल्याकडील आखाड्यात जोर-बैठकांची शेकड्यांत मोजणी होते, तिच्याशी याची तुलना करू नये. येथे अकरावी चुकीची हालचाल करण्यापेक्षा पाच बिनचूक करणे अधिक मोलाचे मानतात. एकाग्रता, नियंत्रण, केंद्र, अचूकता, श्वास आणि प्रवाहीपणा अशी सहा तत्त्वे हल्ली प्रत्येक वर्गात सांगितली जातात. ती या स्वरूपात खुद्द पिलाटेस यांनी मांडलेली नाहीत. फिलिप फ्रीडमन आणि गेल आयझेन यांच्या १९८० च्या पुस्तकाने ती रूढ केली. मूळ वृत्तीशी मात्र ती सुसंगत आहेत.

मराठी वाचकाच्या मनात येथे साहजिकच प्रश्न येईल, की योगासनांहून यात वेगळे ते काय? साम्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण आसनात स्थिरता आणि सुख यांना महत्त्व असते, तर पिलाटेसमध्ये शरीर सहसा थांबत नाही. एक हालचाल संपता संपता दुसरी सुरू होते. श्वासाचाही भेद आहे. आपल्याला पोट सैल सोडून खोल श्वास घेण्याची शिकवण मिळालेली असते. येथे पोटाचा हलका ताण कायम राखून बरगड्या दोन्ही बाजूंना आणि पाठीकडे फुलवत श्वास घेतात, आणि बहुधा तोंडाने सोडतात. नित्य प्राणायाम करणाऱ्यांना आरंभी हे उलटे वाटते. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. एकाच वेळी दोन्ही करू पाहिले तर मात्र गोंधळ होतो. आणि पिलाटेसला मोक्षमार्गाचे काही देणेघेणे नाही, हेही सांगितले पाहिजे.

यंत्रांविषयी थोडे. सर्वांत प्रसिद्ध ते ‘रिफॉर्मर’ : चौकटीत रुळांवर मागेपुढे सरकणारी गादी आणि तिला जोडलेल्या स्प्रिंगा. लोखंडी वजन उचलताना भार सर्वत्र तेवढाच असतो. स्प्रिंग मात्र जितकी ताणावी तितका विरोध वाढवते, आणि परत येताना तिला सावकाश येऊ देणे हाच निम्मा व्यायाम असतो. अशक्त किंवा दुखापतीतून उठलेल्या व्यक्तीला हीच स्प्रिंग आधारही देते. म्हणून यंत्रावरचा व्यायाम नेहमीच अवघड असतो असे नाही. काही वेळा जमिनीवरचाच अधिक कठीण ठरतो.

पोटाच्या आतला डबा

पिलाटेस यांनी धडाच्या मध्यभागाला ‘पॉवरहाऊस’ म्हटले. हल्ली ‘कोअर’ हा शब्द चालतो. त्याचा अर्थ आरशात दिसणाऱ्या पोटाच्या चौकटी असा घेणे चूक आहे. एखादा गोल डबा कल्पावा. झाकण म्हणजे श्वासपटल, तळ म्हणजे ओटीपोटाला खालून तोलणारे स्नायू, भिंत म्हणजे पोटाभोवती कमरपट्ट्यासारखा आडवा गुंडाळलेला सर्वांत आतला स्नायू, आणि मागची बाजू म्हणजे मणक्यामणक्यांना सांधणारे लहान स्नायू. हा डबा चारी बाजूंनी योग्य वेळी घट्ट होतो तेव्हा कण्याला आतून आधार मिळतो.

‘योग्य वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना झटकन हात उचलायला सांगितले. हात हलण्याच्या क्षणभर आधीच पोटाचा तो आडवा स्नायू जागा होत असल्याचे दिसले. जणू शरीर हादऱ्याआधी तयारी करून ठेवते. कंबरदुखीचा इतिहास असलेल्यांत मात्र तो उशिरा जागा होत होता. या निष्कर्षाने पिलाटेसला वैद्यकीय वर्तुळात एकाएकी प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि भौतिकोपचार तज्ज्ञ ही पद्धती रुग्णांसाठी सौम्य करून वापरू लागले. पुढील संशोधनाने उत्साहाला थोडा लगामही घातला. तो एकच स्नायू वेगळा काढून कसण्याने पाठ बरी होते असे सिद्ध झालेले नाही. सगळे स्नायू मिळून काम करतात, आणि दिवसभर पोट आवळून वावरणे तर उलट त्रासदायकच.

कंबर धरते तेव्हा

पिलाटेसच्या लाभांपैकी सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो जुनाट कंबरदुखीवरील परिणामाचा. ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या मान्यवर संस्थेने २०१५ मध्ये १० चाचण्यांचा, म्हणजे एकूण ५१० रुग्णांचा, आढावा प्रसिद्ध केला. काहीही न करणाऱ्या किंवा जुजबी सल्ल्यावर राहिलेल्या रुग्णांपेक्षा पिलाटेस करणाऱ्यांच्या वेदना आणि अडचणी काही आठवड्यांत व महिन्यांत कमी झाल्या, असे त्यातून दिसले. पुराव्याचा दर्जा मात्र ‘कमी ते मध्यम’ असा नोंदवला गेला. अन्य प्रकारच्या व्यायामापेक्षा पिलाटेस सरस आहे, असे ठामपणे म्हणता आले नाही. नंतरच्या काही तुलनात्मक आढाव्यांत पिलाटेसला वरचे स्थान मिळाले आहे, पण त्यांतही सावधगिरीचे इशारे आहेतच.

याचा सरळ अर्थ असा, की पाठदुखीवर व्यायाम हे औषध आहे आणि पिलाटेस हा त्याचा एक चांगला प्रकार आहे, एकमेव नव्हे. ज्याला पोहणे आवडते आणि जमते, त्याने ते सोडून याच्या मागे लागण्याची गरज नाही.

आकड्यांपलीकडची एक गोष्ट येथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण शरीर आणि मन यांची गाठ तीतच आहे. ज्याची कंबर एकदा सणकून धरली आहे, तो माणूस वाकायला भितो. पडलेली किल्ली उचलताना तो श्वास रोखतो, अंग लाकडासारखे ताठ करतो, घरच्यांकडून बादली उचलून घेतो. प्रथम दिवसांत हे ठीकच असते. पण महिने उलटले, आतली इजा भरून आली, तरी भीती मागे राहते. हालचाल कमी झाल्याने स्नायू दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंमुळे थोड्या श्रमानेही दुखते. आणि दुखले की भीती खरी ठरल्यासारखी वाटते. हे चक्र फार चिवट असते. गोळीने वेदना दबते, पण भीती दबत नाही.

पिलाटेसची रचना नेमकी येथे उपयोगी पडते. सुरुवात उताणे, आधारासह, अगदी लहान हालचालीने होते. गुडघे वाकवून निजायचे आणि माकडहाडापासून एकेक मणका जमिनीवरून सोलून काढल्यासारखा उचलत न्यायचा, तसाच एकेक करून परत टेकवायचा. रुग्णाला कळते की कणा वाकला आणि काही बिघडले नाही. पुढच्या आठवड्यात थोडे अधिक. काही महिन्यांनी तो जमिनीवरून वस्तू उचलतो तेव्हा आपण श्वास रोखलेला नाही, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. इतर क्रमवार व्यायामांनीही हे साधू शकते. पण सावकाशपणा आणि लक्ष यांवर येथे जो भर आहे, तो घाबरलेल्या माणसाला विशेष मानवतो.

मनाचे काय?

‘मानसिक लाभ’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. आयर्लंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये उपलब्ध चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा पिलाटेस करणाऱ्यांत उदासीनता, चिंता आणि थकवा यांची लक्षणे कमी झाल्याचे आणि उत्साह वाढल्याचे आढळले. चाचण्या थोड्या आणि लहान होत्या. तुलनाही बहुधा काहीच न करणाऱ्यांशी होती. म्हणून यातले किती श्रेय पिलाटेसचे आणि किती कोणत्याही नियमित व्यायामाचे, हे अजून सांगता येत नाही.

तरीही कारणमीमांसा अवघड नाही. ट्रेडमिलवर चालता चालता माणूस दूरचित्रवाणी पाहू शकतो, कार्यालयातले भांडण मनात पुन्हा भांडू शकतो. पाच थापांना श्वास आणि पाच थापांना उच्छ्वास मोजत, पाय स्थिर ठेवून, कंबर जमिनीला लागली आहे की नाही याकडे लक्ष देताना हे करता येत नाही. मन भरकटले की हालचाल लगेच बिघडते, आणि हालचाल बिघडली की मन परत आणावे लागते. पाऊण तास असे गेल्यावर जो मोकळेपणा जाणवतो, त्यात गूढ काही नाही. दीर्घ उच्छ्वासाने शरीराची धडपड मंदावते, हेही त्याला पूरक ठरते. शिवाय मागच्या महिन्यात न जमलेली गोष्ट आज जमली, याचे समाधान असते. आजारपणाने खचलेल्यांना त्याचे मोल अधिक.

तीव्र नैराश्य किंवा चिंताविकार असेल तेथे मात्र मानसोपचार तज्ज्ञांचे औषध आणि सल्ला यांना हा पर्याय नाही. तो जोडीला घेण्याचा व्यायाम आहे.

तोल, लवचीकपणा आणि वजन

उतारवयात स्नायू क्षीण होतात, पावलांची आणि घोट्यांची जाण मंदावते आणि तोल जाऊ लागतो. पडून खुब्याचे हाड मोडणे ही साठी-सत्तरीनंतर आयुष्य बदलून टाकणारी घटना ठरू शकते. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार व्यायामामुळे वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, आणि त्यात तोल साधणारे व्यायाम सर्वांत महत्त्वाचे. पिलाटेसने वृद्धांचा तोल सुधारतो, असे अनेक लहान अभ्यासांत दिसले आहे. मात्र ज्येष्ठांच्या वर्गात उभ्याने करायचे व्यायाम असले पाहिजेत. सगळा वेळ निजूनच गेला तर पायांना तोलाचे शिक्षण मिळणार कसे?

मांड्यांचे मागचे स्नायू आणि कणा यांचा लवचीकपणा वाढतो, याविषयी फारसे दुमत नाही. ‘ताठ बसा’ असे सांगून कोणी ताठ बसत नाही. पाठीचे आणि खांद्यांचे स्नायू न थकता तोल धरू लागले की बसणे आपोआप सुधारते.

वजनाविषयी मात्र निराशाच पदरी येण्याचा संभव अधिक. प्राथमिक पातळीवरचा वर्ग हा नाडी फार न वाढवणारा व्यायाम आहे, आणि २००४ मधील एका अमेरिकी अभ्यासात अनेक महिन्यांच्या सरावानंतरही सहभागींचा लवचीकपणा वाढला, पण शरीरातील चरबीचे प्रमाण लक्षणीय बदलले नाही. पोटाचे स्नायू सुधारल्याने पोट आत गेल्यासारखे दिसते, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा हृदयाला पोषक व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवला. पिलाटेस या दुसऱ्या खात्यात मोडतो. झपझप चालणे त्यामुळे माफ होत नाही.

कोणी जपावे?

सर्वांत महत्त्वाचा इशारा हाडांच्या ठिसूळपणासंबंधी आहे, आणि तो फार थोड्या वर्गांत दिला जातो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनी १९८४ मध्ये रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. कणा पुढे वाकवणारे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के स्त्रियांच्या मणक्यांना नव्याने इजा झाल्याचे क्ष-किरण चित्रांत दिसले. कणा मागे ताणणारे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. पाहणी लहान होती, पण तिचा इशारा आजही पाळला जातो.

आता पिलाटेसचे पारंपरिक व्यायाम आठवून पाहावेत. ‘हंड्रेड’मध्ये मान आणि वरची पाठ पुढे वाकते. ‘रोल-अप’मध्ये निजलेल्या स्थितीतून कणा गुंडाळत उठायचे असते. चेंडूसारखे गोल होऊन पाठीवर लोळण्याचाही एक प्रकार आहे. तरुणाला हे उत्तम. पण ज्या स्त्रीची उंची गेल्या काही वर्षांत कमी झाली आहे, जिच्या पाठीला पोक येऊ लागले आहे किंवा किरकोळ पडण्याने जिचे मनगट मोडले आहे, तिने आधी डॉक्टरांना विचारून हाडांची घनता तपासून घ्यावी, आणि हे व्यायाम वगळावेत. पालथे निजून छाती उचलणे, चवड्यांवर उभे राहणे, कुशीवर निजून पाय उचलणे असे बरेच काही तिच्यासाठी उरते.

गर्भवतींनी पहिल्या तिमाहीनंतर फार वेळ उताणे निजून व्यायाम करू नये, आणि वर्गही त्यांच्यासाठी आखलेला असावा. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली जाईल असे प्रकार टाळावेत. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कधीही कोंडू नये. आणि कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती जाणे, जांघेत बधिरता, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा अकारण वजन घटणे यांपैकी काहीही आढळले, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

शिक्षक निवडताना

ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने निकाल दिला, की ‘पिलाटेस’ हा कोणा एकाच्या मालकीचा शब्द नसून ‘योग’ किंवा ‘कराटे’प्रमाणे एका व्यायामपद्धतीचे सर्वसामान्य नाव आहे. तोवर या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला जात होता. निकालाने दारे उघडली, ही पद्धती झपाट्याने जगभर पसरली आणि मुंबई-पुण्यातही तिचे वर्ग निघाले. पण त्याच निकालाची दुसरी बाजू अशी, की दोन दिवसांचे शिबिर केलेली व्यक्तीही स्वतःला पिलाटेस शिक्षक म्हणवू शकते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी शिक्षण कोठे आणि किती महिने झाले, प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव किती आहे, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. चांगला शिक्षक पहिल्या दिवशी तुमच्या दुखण्यांची, शस्त्रक्रियांची आणि औषधांची चौकशी करतो. जो ती करीत नाही, त्याच्याकडे यंत्रे कितीही चकचकीत असली तरी परत जाण्याचे कारण नाही. वीस-पंचवीस जणांच्या वर्गात चूक दुरुस्त करायला शिक्षकाला सवड मिळत नाही. आरंभी लहान वर्ग बरा, भले यंत्र नसले तरी चालेल.

घरी सुरुवात करताना जाड सतरंजी किंवा चटई पुरते. पलंगावरची गादी नको. ती खचते आणि कण्याची स्थिती कळत नाही. पहिले काही दिवस फक्त श्वास आणि कमरेची स्थिती यांवर घालवावेत : उताणे निजून, गुडघे वाकवून, कंबर जमिनीवर दाबून न धरता आणि फार उचलूनही न धरता मधल्या नैसर्गिक स्थितीत ठेवावी, बरगड्या बाजूला फुलवत श्वास घ्यावा, आणि सोडताना ओटीपोट हलकेच आत घ्यावे. त्यानंतर एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करणे आणि परत आणणे, मग वर वर्णिलेला मणके सोलण्याचा व्यायाम, मग ओणवे होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करणे. मान दुखू लागली तर डोके खुशाल खाली टेकवावे. स्नायू थकल्याची जाणीव चालेल, टोचणारी किंवा पायात उतरणारी वेदना चालणार नाही.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी अर्धा ते पाऊण तास, एवढा सराव पुरेसा होतो. कंबरदुखीवरील बऱ्याच अभ्यासांत फरक दिसला तो सहा ते बारा आठवड्यांच्या सरावानंतर. म्हणून पंधरा दिवसांत निकाल लावू नये. सराव सोडला की मिळालेले हळूहळू ओसरते, हे इतर सर्व व्यायामांप्रमाणे येथेही खरे आहे. तेव्हा शुल्क, अंतर आणि वेळ यांचा हिशेब वर्षभराचा धरून मगच वर्गात नाव घालावे.